अंगतपंगतीची भाजी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

श्रावणापासून दिवाळीपर्यंत एकत्र जेवणांचे बेत सुरू असतात. कुणी त्याला पॉटलक म्हणतं, आपण अंगतपंगत म्हणतो. या महिन्यातली बहुतेक पत्रं भाज्या-कोशिंबिरींबद्दल आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ एकच आहे. घरची भाजी कढईतून थेट ताटात जाते, अंगतपंगतीची भाजी मात्र दोन-तीन तास डब्यात बसते. तेवढ्या वेळात मीठ भाजीतलं पाणी ओढून काढतं, वाफ झाकणावर जमून परत आत गळते आणि कूट रस पिऊन बसतं. म्हणून भाजी कढईत कशी लागते यापेक्षा तीन तासांनी कशी लागेल, याचा विचार करूनच ती करायला हवी.

सोसायटीच्या अंगतपंगतीत 22 माणसं आणि आठ पदार्थ आहेत. माझ्याकडे एक सुकी भाजी आली आहे. किती करू? दरवेळी एकतर ढीगभर उरते, नाहीतर शेवटच्या चौघांना मिळत नाही.
– एक वाचक, ठाणे

आठ पदार्थ असले की ताटात प्रत्येक भाजी डावभरच पडते. अशा वेळी माणशी शिजलेली सुकी भाजी 70 ग्रॅम, रस्सा भाजी 100 ते 120 ग्रॅम, कोशिंबीर 40 ते 50 ग्रॅम आणि चटणी 10 ते 15 ग्रॅम धरा. म्हणजे तुम्हाला साधारण दीड किलो तयार भाजी लागेल. पदार्थ चारच असते, तर हाच आकडा दीडपट केला असता.

आता कच्ची भाजी किती घ्यायची ते. पालेभाज्या शिजून एवढ्या बसतात की निवडलेल्या मोठ्या ढिगाची जेमतेम एक कढई भरते, त्यामुळे गर्दीसाठी त्या नकोच. कोबीचं वजन शिजताना साधारण पाव हिश्शाने घटतं. फरसबी, गाजर आणि बटाटा यांची घट त्याहून कमी असते.

कोबी-चणाडाळ हा चांगला पर्याय आहे. दांडा काढलेला बारीक चिरलेला कोबी दीड किलो, दोन तास भिजवलेली चणाडाळ 150 ग्रॅम (कोरडी मोजून), तेल 6 मोठे चमचे, मोहरी दीड लहान चमचा, हिंग अर्धा, हळद एक, आठ-दहा हिरव्या मिरच्या, कढीपत्ता आणि मीठ अडीच लहान चमचे. डाळ आधी थोड्या पाण्यात बोटचेपी शिजवून निथळून घ्या, कारण कोबीबरोबर कच्ची टाकली तर ती शिजेपर्यंत कोबीचा गाळ होतो.

आणि ही भाजी एका कढईत करू नका. बहुतेकांची चूक इथे होते. कढई काठोकाठ भरली की कोबीचं सुटलेलं पाणी उडून जायला जागा उरत नाही, कोबी परतला न जाता उकडतो, आणि जास्त वेळ उकडलेल्या कोबीला तो उग्र गंधकासारखा वास येतो. दोन घाण्यांत करा. आच मोठी ठेवा, झाकण घालू नका, सात-आठ मिनिटं परता आणि मीठ शेवटच्या दोन मिनिटांत घाला. भाजी ताटात पसरून वाफ गेल्यावरच डब्यात भरा. वाफेवरच झाकण लावलं, तर घरी सुकी दिसलेली भाजी तिथे पाण्यात बसलेली मिळेल.

काकडीच्या कोशिंबिरीला इतकं पाणी सुटतं की वाढताना गाळणी घ्यावी लागते. दही घट्ट घेऊनही तेच होतं.
– एक वाचक, नाशिक

इथे दोष दह्याकडे नाही. काकडीत वजनाच्या पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं आणि मीठ लागलं की ते बाहेर येतं. ते येणारच असेल, तर घरीच काढून टाकावं. अंगतपंगतीला आम्ही दह्याच्या कोशिंबिरीपेक्षा खमंग काकडी सुचवू.

एक किलो कोवळ्या काकड्या सोलून चोचवून घ्या. किसू नका. किसलेल्या काकडीचा लगदा होतो आणि पिळल्यावर हाताला चोथा लागतो. चोचवलेल्या काकडीला दीड लहान चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा, मग मुठीत धरून पिळा. साडेपाचशे-सहाशे ग्रॅम काकडी उरेल. पाणी फेकू नका. त्यात थालीपिठाची भाजणी छान भिजते, फक्त भाजणीत मीठ बेताने घाला.

पिळलेली काकडी, खवलेला ओला नारळ 50 ग्रॅम, दोन लहान चमचे साखर आणि कोथिंबीर एका डब्यात भरा. दाण्याचं कूट 125 ग्रॅम वेगळ्या डब्यात घ्या. कूट जाडसर हवं, मिक्सर थांबवत-थांबवत फिरवा. बारीक पीठ केलं तर काकडीवर लापशी चढते. लिंबू न कापता न्या. जेवणाआधी दहा मिनिटं सगळं एकत्र करा, लिंबू पिळा आणि चव पाहा. पुन्हा मीठ बहुतेक वेळा लागत नाही, कारण चोळलेल्या मिठातलं काही काकडीत राहिलेलं असतं.

राहिली फोडणी. उपासाच्या खमंग काकडीला तुपात जिरं आणि हिरवी मिरची लागतेच. पण काकडी गार असेल, तर तूप तिच्यावर थिजतं आणि पांढरे कण टाळ्याला चिकटतात. उपास नसेल तर शेंगदाण्याच्या तेलात मोहरी, हिंग, मिरची यांची फोडणी घरीच करून छोट्या बाटलीतून न्या. उपास असेल तर काकडी फ्रिजमधून अर्धा तास आधी बाहेर काढा आणि तुपाची फोडणी तिथेच करा.

दह्याचीच कोशिंबीर करायची असेल, तर दही फडक्यात बांधून दोन तास टांगा. ते निम्म्याच्या आसपास उरतं. काकडी-गाजर पिळून त्यात घाला, मीठ मात्र वाढण्याच्या वेळी.

भरली वांगी नेली. काही फुटून लगदा झाली, काही देठाजवळ कच्ची राहिली आणि रस पूर्ण आटला. 20 जणांसाठी प्रमाण आणि पद्धत दोन्ही सांगाल का?
– एक वाचक, जळगाव

तुमची तिन्ही दुखणी वेगवेगळी आहेत.

आधी वांगी. सगळी एकाच मापाची हवीत, प्रत्येकी 40 ते 50 ग्रॅमची. किलोत वीस ते पंचवीस बसतात. माणशी एक धरून चार-पाच जास्त घ्या, म्हणजे सव्वा किलो. लहान-मोठी एकत्र घातली की लहान फुटतं आणि मोठं कच्चं राहतं, त्याला कोणतीही आच उपयोगी पडत नाही. देठाचे काटे काढा, पण देठ ठेवा, वांगं त्याच्यावरच धरून राहतं. खालून अधिक चिन्हासारखी चीर देठाच्या दोन सेंटिमीटर अलीकडे थांबवा. आत किडा नाही ना, ते बघून लगेच मिठाच्या पाण्यात सोडा. हवा लागली की कापलेला भाग काळा पडतो.

सारण: दाण्याचं कूट 180 ग्रॅम, भाजून कुटलेलं सुकं खोबरं 70 ग्रॅम, भाजलेल्या तिळाचं कूट 35 ग्रॅम, गोडा मसाला अडीच मोठे चमचे, तिखट दोन लहान चमचे, हळद अर्धा, चिरलेला गूळ 40 ग्रॅम, मीठ तीन लहान चमचे, कोथिंबीर. तेलाचा एक चमचा आणि पाण्याचे शिपके देऊन मुठीत वळेल इतपतच ओलं करा. सैल सारण पहिल्या पाच मिनिटांत बाहेर पडतं. खान्देशी काळा मसाला वापरत असाल तर गूळ निम्मा करा आणि तिखटही आधी चाखून कमी करा. कांदा-लसूण घातलं तर चव वाढते, पण भाजी कमी टिकते.

आता कच्चेपणाचं कारण. आपण सवयीने चिंचेचा कोळ सारणात घालतो. आंबटात भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून वांगं, बटाटा, कडधान्य काहीही असो, चिंच लागली की ते हट्टाने कडक राहतं. चिंच (30 ग्रॅमचा कोळ) वांगी तीन चतुर्थांश शिजल्यावर रसात घाला.

भांडं पसरट आणि जाड बुडाचं घ्या. वांगी एका थरात बसली पाहिजेत, एकावर एक नकोत. पाऊण वाटी तेलात फोडणी करून वांगी मांडा, पाच-सात मिनिटं परता आणि वर झाकणी ठेवून तिच्यात पाणी घाला. झाकणीवरच्या पाण्याने आतली वाफ थंड होऊन परत खाली येते आणि वांगी आपल्याच रसात शिजतात. मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं. डाव घालून ढवळू नका, देठ चिमट्याने धरून प्रत्येक वांगं एकदाच उलटा. मग उरलेलं सारण, झाकणीवरचं गरम पाणी आणि आणखी लागेल तेवढं मिळून तीन वाट्या पाणी, चिंचेचा कोळ, आणि दहा मिनिटं. टोचून बघायचं ते देठाजवळ, पोटात नाही.

रस आटला तो आचेमुळे नव्हे. कूट, तीळ आणि खोबरं तो नंतरही पीत राहतात. तासाभरात रस्सा निम्म्याने घट्ट होतो. घरी तो थोडा जास्तच पातळ ठेवा आणि थर्मासमध्ये दोन वाट्या कढत पाणी न्या. तिथे ते कडेने सोडून भांडं नुसतं हलवा. उकळी आणायची सोय असेल तर तिथे पुन्हा एक उकळी आणा.

नेण्यासाठी स्टीलचं पसरट भांडं घ्या. चिंचेची भाजी अॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात तासन्‌तास ठेवू नये. आंबटाने धातू उतरतो आणि भाजी कळकते.

मटकीची उसळ सकाळी केली, दुपारी आंबूस वास आला. मोडांचा भुगाही झाला होता.
– एक वाचक, कोल्हापूर

वास बहुधा कच्च्या मटकीलाच आला असणार. बांधून ठेवलेल्या मोडांत ऊब आणि ओल दोन्ही असतात, त्यात जंतूही मटकीइतकेच जोमाने वाढतात. अर्धा किलो मटकी आठ ते दहा तास भिजवा, चोळून दोनदा धुवा आणि पाणी पूर्ण निथळल्यावरच बांधा. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत वीसही लागतात. मोड अर्ध्या ते पाऊण इंचाचे झाले की फ्रिजमध्ये टाका, बाहेर ते वाढतच राहतात. लांब मोड दिसायला सुंदर, पण परतताना तुटतात आणि किंचित कडवटही होतात. शिजवण्याआधी पुन्हा एकदा धुवा. बोटांना बुळबुळीत लागत असेल, तर ती मटकी वापरू नका.

अर्ध्या किलोचे सव्वा किलोच्या आसपास मोड होतात, त्यात 20 ते 22 जणांची उसळ होते. फोडणीवर मटकी दोन-तीन मिनिटं परतून बेताचं गरम पाणी घाला आणि अर्धवट झाकून बारा मिनिटं शिजवा. कुकर नको. आमसूल, गूळ आणि मीठ शेवटी.

ओला नारळ आत घालून नेऊ नका. शिजवलेल्या भाज्यांत सगळ्यांत आधी उतरतो तो नारळ. तो वेगळ्या डब्यात गार ठेवा आणि वाढताना वरून पेरा.

न्यू जर्सीत आमच्या मंडळाच्या गणपतीला सगळे एकेक पदार्थ आणतात. यंदा दोन मुलांना शेंगदाण्याची आणि एका काकांना गव्हाची अॅलर्जी आहे, असं कळवलं आहे. आपल्या भाजीत दाण्याचं कूट नसेल तर उरतं काय?
– एक वाचक

बरंच उरतं. शेंगदाण्याच्या जागी डाळ्याचं कूट घ्या. घट्टपणा तसाच येतो, खमंगपणासाठी सुकं खोबरं भाजून घाला. दूधी, दोडका, फरसबी, कोबी यांना ओलं खोबरं पुरतं. फ्रोझन खवलेला नारळ चालतो, पण तो पूर्ण वितळवून, पिळून घ्या, नाहीतर भाजी पाणचट होते. तीळ मात्र शेंगदाण्याला बिनधोक पर्याय म्हणून वापरू नका. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तीळही मुख्य अॅलर्जनांच्या यादीत आहे, म्हणजे पाकिटावर त्याची नोंद सक्तीची आहे.

आता एक गोष्ट जी हमखास निसटते. बाजारातल्या डबीतल्या हिंगात शुद्ध हिंग थोडं आणि बाकी डिंक व पीठ असतं, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचं असतं. डबी उलटून वाचा. तांदळाच्या पिठाचं हिंग मिळतं, तेच घ्या, नाहीतर फोडणीत हिंग गाळून जिरं वाढवा. गोडा मसाल्यातही तीळ आणि हिंग असतात. कूट करणाऱ्या मिक्सरच्या भांड्याला आदल्या दिवशीचे दाणे लागलेले असतील, तर साधं विसळून भागत नाही. भांडं आणि झाकणाची रबरी कडीही साबणाने धुवा. आणि डब्यावर चिठ्ठी लावा: भाजीचं नाव, त्यात काय-काय आहे, कांदा-लसूण आहे का. "दाणे नाहीत" एवढंच लिहिलेलं पुरेसं नाही, सगळे घटक लिहा.

तिथल्या हॉलमध्ये पदार्थ बाहेर किती वेळ ठेवायचा, याचा अमेरिकी कृषी खात्याचा साधा नियम आहे: साधारण 5 ते 60 अंश सेल्सियस या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुपारींनाही तो तितकाच लागू आहे. आरती लांबली तर भाजी ओव्हनमध्ये फॉइलने झाकून, ओव्हन 95 अंशांवर लावून ठेवा.

थोडक्यात विचारलेले प्रश्न

*बटाट्याच्या भाजीचा गोळा होतो.* (सांगली) – गरम बटाटे चिरल्यामुळे. आदल्या रात्री सालासकट उकडून गार करा, सकाळी फोडी करा. गार झाल्यावर पिष्ट घट्ट होतं आणि फोड कडा सोडत नाही. डब्यात तीन इंचांपेक्षा उंच थर देऊ नका, खालच्या फोडी वजनाने चेपतात.

*फरसबी काळपट हिरवी का होते?* (पणजी) – झाकून शिजवल्याने. भाजीतली आम्लं वाफेबरोबर बाहेर न जाता आतच राहतात आणि हिरवा रंग मळकट करतात. खळखळत्या मिठाच्या पाण्यात न झाकता तीन-चार मिनिटं उकळा, लगेच गार पाण्यात टाका, निथळून फोडणी द्या. लिंबू वाढताना. खाण्याचा सोडा घालू नका, रंग राहतो पण शेंग गिळगिळीत होते.

*ऑफिसात जैन सहकारी आहेत.* (पुणे) – कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, रताळं हे सगळं वगळा. कच्च्या केळ्याची भाजी बटाट्याची जागा उत्तम घेते. केळी सालासकट उकडा, गार झाल्यावर सोला. लाल भोपळा मेथीदाण्याच्या फोडणीवर, किंवा पीठ पेरलेली सिमला मिरची हेही चालेल. सिमला मिरचीला पाऊण किलोस 150 ग्रॅम बेसन आधी कोरडं भाजून घ्या आणि तेल नेहमीपेक्षा दोन चमचे जास्त घाला, नाहीतर दोन तासांत बेसन कोरडं पडून घशात अडकतं.

*भेंडी नेऊ का?* (लातूर) – नका नेऊ. कुरकुरीतपणा डब्यात टिकत नाही. तोंडली न्या.

अळूवड्या 20 जणांसाठी न्यायच्या आहेत. आदल्या दिवशी काय-काय उरकता येईल? आणि खाज न येण्याची खात्री कशी करायची?
– एक वाचक, रत्नागिरी

माणशी दोन वड्या धरून चाळीस. त्यासाठी मध्यम 16 पानांचे चार उंडे. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. पानं वडीच्या, काळ्या देठाच्या अळूची घ्या, भाजीच्या अळूची नको. चिंच कमी करू नका: बेसन 350 ग्रॅम, तांदळाचं पीठ तीन मोठे चमचे, 45 ग्रॅम चिंचेचा दाट कोळ, गूळ 70 ग्रॅम, तीळ दोन चमचे, तिखट, हळद, ओवा, मीठ. पानं चिरता-धुताना हात खाजत असतील तर तेल लावून घ्या.

पान पालथं ठेवून जाड शिरा सोलून काढा आणि लाटणं फिरवून सपाट करा, तरच उंडा घट्ट वळतो. पीठ बोटाने सारवता येईल इतकं घट्ट हवं. ओघळणारं पीठ वाफवताना बाहेर येतं आणि तळताना वडी सुटते. उंडे वीस ते पंचवीस मिनिटं वाफवा, अर्धवट वाफवलेल्या वडीला खाज राहते. इथपर्यंत आदल्या दिवशी करता येतं. उंडे गार झाल्यावर न कापता डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा.

सकाळी थंड उंड्याच्या सव्वा सेंटिमीटरच्या वड्या कापा. गरम उंडा सुरीखाली चिरडतो. तळून जाळीवर पूर्ण निवू द्या आणि मग एकेरी थरात, मध्ये टिश्यू घालून भरा. वर्तमानपत्र वापरू नका, छपाईची शाई तेलाबरोबर अन्नात उतरते. डब्याचं झाकण किंचित तिरकं ठेवा, म्हणजे वडी नरम पडत नाही. तिथे तवा मिळणार असेल तर तळण्याचं कामच घरी करू नका. कापलेल्या वड्या न्या आणि लोक ताटावर बसता-बसता थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी परतून द्या.